वरच्या ओळीचा ताण

दुपारचे साडेतीन वाजले की कपाटावर ठेवलेला रवींद्ररावांचा फोन एकदाच टुण्ण करायचा आणि काचेवर हिंदीत अक्षरं उमटायची, ‘रवींद्र जी, आपका खेत आपकी राह देख रहा है!’

तेरवी होऊन महिना उलटला होता. बँकेत, गॅस एजन्सीत, पेन्शनच्या ऑफिसात, सगळीकडे कागद देऊन झाले होते. जिथे जिथे त्यांचं नाव होतं, तिथे तिथे त्याच्या आधी ‘कै.’ लागलं होतं. या एका शेताला तेवढं कुणी कळवलं नव्हतं. ते आपलं रोज हाक मारत होतं, आणि पांढुर्ण्याच्या त्या तीन खोल्यांच्या घरात ती हाक ऐकायला उर्मिलाबाईंशिवाय कुणी नव्हतं.

पहिल्या दिवशी त्या दचकल्या. दुसऱ्या दिवशी चिडल्या. पण आठवड्याभरात असं झालं, की सव्वातीनलाच त्या चहाचं आधण ठेवायच्या आणि एक कान कपाटाकडे ठेवायच्या. मुलगी वृषाली हैदराबादेला परत गेली होती. दिवसभरात त्या घरात नवऱ्याचं नाव घेणारं दुसरं होतं तरी कोण? म्हणून फोन चार्जिंगला लावायचं मात्र त्या विसरत नसत. फोनला कुलूपही नव्हतं. या माणसाकडे लपवण्यासारखं काही असेल, असं त्यांना स्वतःलाही वाटलं नसावं.

रवींद्रराव तहसीलीत बाबू होते. रिटायर झाले आणि वर्षभरात त्यांनी फोनवर तो शेतीचा गेम सुरू केला. एकदा नादी लागले ते सहा वर्षं लागले. खिडकीजवळच्या खुर्चीत ते बसायचे, समोर दिवाणावर उर्मिलाबाई क्रोशा घेऊन. घरात दोन माणसं आणि दोघांच्या माना खाली. शेजारच्या चंद्रकलाबाई दारातून डोकावून म्हणायच्या, “तुमच्या घरी भांडण कसं होत नाई व माय? आता समजलं. भांडाले कोणी वर तं पाहिलं पायजे!”

क्रोशा उर्मिलाबाई सौंसरच्या शाळेत शिकल्या होत्या. शाळा हिंदीतून, पुढे बी.ए.ही हिंदीतूनच, पण शिवणाच्या बाई मराठी होत्या, म्हणून सुईची भाषा मराठी राहिली. साखळी, खांब, अर्धा खांब, मुका खांब. मुका खांब म्हणजे सगळ्यात बुटका टाका. दोन तुकडे जोडताना घालायचा, म्हणजे सांधा दिसत नाही. लग्नानंतर पहिल्याच महिन्यात रवींद्ररावांनी विचारलं होतं, “काय करून राहिली?” यांनी मान खालीच ठेवून सांगितलं, “मुका देऊन राहिली.” खांब म्हणायचं राहूनच गेलं. सासूबाई पलीकडे तांदूळ निवडत होत्या. नवरा जो खो खो हसत अंगणात पळाला, तो जेवायच्या वेळीच घरात आला. तेव्हा बोलका होता तो माणूस. पुढे कमी कमी बोलू लागला आणि शेवटची काही वर्षं तर ‘हाव’, ‘नाई’ आणि ‘राहू दे’ एवढ्यावर संसार चालला होता.

फेब्रुवारीच्या पहिल्या आठवड्यात साडेतीनच्या हाकेबरोबर दुसरंच काही उमटलं. ‘यह खेल 31 मार्च को शाम 5 बजे हमेशा के लिए बंद हो जाएगा. आपके साथ के लिए धन्यवाद.’

उर्मिलाबाईंनी चष्मा पुसला, पुन्हा वाचलं आणि वृषालीला फोन लावला.

“आई, कंपनी गेम बंद करून राहिली असेल. सर्व्हर काढून टाकतात ते. मग काहीच उघडत नाही.”

“अन यांचं शेत?”

“जाईल ते.”

“असं कसं जाईन? सहा वर्षं राबले ते त्याच्यात.”

“आई, अगं गेम आहे तो.” मग वृषाली आवाज उतरवून म्हणाली, “तू असं कर, स्क्रीनशॉट काढून ठेव. दोन बटणं एकदमच दाबायची. मी सांगते.”

चौथ्या खेपेला जमलं. शेताचा फोटो निघाला. उर्मिलाबाई तो उजेडाकडे धरून पाहत राहिल्या, आणि पाहता पाहता त्यांच्या डोळ्यांना सवयीची एक गोष्ट दिसली. शेत सगळं चौकोनांचं होतं. एका ओळीत नऊ, अशा आठ ओळी. चौकोनात कुठे गहू, कुठे कपाशी, कुठे नुसती माती, एकात विहीर, एकात झोपडी. हा तर क्रोशाचा नमुना! नऊ आठे बहात्तर.

“फोटो आहे ना आता तुझ्याकडे,” वृषाली दुसऱ्या दिवशी म्हणाली, “मग त्याची चादर कशाला विणायची?”

“फोटो दिसते. हाताले लागत नाई.”

बाजारात लोकरीचं दुकान आवराआवरीला लागलं होतं. थंडी सरत आली होती. त्यांनी पोपटी मागितली, गव्हाळ, पांढरी, निळी, करडी, मातकट, तपकिरी. दुकानदार म्हणाला, “काकू, आता उन्हाळा लागून राहिला. कोणासाठी करून राहिल्या?” त्याला काय सांगायचं हे न सुचून उर्मिलाबाई म्हणाल्या, “घरासाठी.”

खालच्या ओळीपासून सुरुवात केली. चार साखळ्यांचं कडं, त्यात तीन खांब, कोपऱ्याला दोन साखळ्या, पुन्हा तीन खांब. मधून सुरू करायचं आणि फेऱ्या घालत बाहेर यायचं. दिवसाला तीन चौकोन होत. कपाशीला हिरव्यात पांढरं बोंड धरलं, विहिरीला मधे निळं आणि भोवती करडी फेरी. मधूनमधून त्या फोन उघडून पाहत, पण शेतात कशालाही हात लावत नसत. गहू कापणीला येऊन तसाच उभा होता. कपाशी फुटून तशीच होती. त्या खेळात तयार पीक सडत नाही, मालकाची वाट पाहत उभं राहतं.

चंद्रकलाबाईंनी एक दिवस दिवाणावरची चळत उचलून पाहिली. “हे काय होय?”

“गहू.”

“अन हे?”

“तूर. धुऱ्यावरची.”

“अन हे निळं?”

“विहीर.”

“बाप्पा! लोकं चादरीवर गुलाब काढते. तुम्ही तं पटवाऱ्याचा नकाशाच विणून राहिल्या!”

उर्मिलाबाई हसल्या. पण वरच्या ओळीचं त्यांनी चंद्रकलाबाईंना काही सांगितलं नाही.

सगळं हिरवं-पिवळं शेत, आणि सगळ्यात वर एका ओळीत संत्र्याची नऊ झाडं. नऊच्या नऊ वाळलेली, तपकिरी, फांद्यांच्या काड्या झालेली. ती रवींद्रराव गेल्यावर वाळली असती, तर वाईट वाटून घेण्यासारखं काही नव्हतं. पण ती आधी वाळली होती, हे उर्मिलाबाईंना पक्कं ठाऊक होतं. डिसेंबरात एक दिवस चहा देताना त्यांनीच पाहिलं होतं. पाहून म्हटलं होतं, “तुमचे झाडं वाळून राहिले ना जी. पाणी तं टाका.” त्यावर ते म्हणाले होते, “राहू दे.” आणि या परत आपल्या जागेवर जाऊन खांब मोजत बसल्या होत्या.

त्यानंतर दहा दिवसांत ते गेले. नागपूरच्या डॉक्टरांनी नंतर सांगितलं, की हृदय महिनाभरापासून थकत आलं असणार. घरच्यांच्या काही लक्षात आलं नाही का, असंही विचारलं. तेव्हापासून ‘राहू दे’ हे दोन शब्द उर्मिलाबाईंच्या कानातून जात नव्हते. काचेवर अंगठा टेकवायचा, पाणी पडतं. एवढंही ज्या माणसाच्याने होत नव्हतं, त्याच्यापासून चार हातांवर बसून आपण काय पाहत होतो? लोकरीचा गुंडा? त्या नऊ झाडांनी ओरडून सांगितलं, आणि आपण ऐकूनही मान खाली घातली.

म्हणून ती ओळ त्यांनी शेवटाला ठेवली होती, आणि करायला घेतली तेव्हा दोन दिवसांत उरकून टाकली. नऊ तपकिरी चौकोन, मधे काही नाही, काठाला काही नाही.

मग पुढच्या खोलीतली टेबलं-खुर्च्या सरकवून, फरशीवर सगळे बहात्तर मांडले. वरची ओळ बसेना. तिचे चौकोन बाकीच्यांपेक्षा बोटभर लहान भरत होते. हात घट्ट पडला होता. लोकरीला ताण जास्त बसला, की फेऱ्या त्याच असल्या तरी चौकोन आखडतो. चाळीस वर्षं विणणाऱ्या बाईच्या हातून व्हायची ही चूक नव्हती. किती फरक पडतो ते पाहावं, म्हणून त्या दाराजवळच्या स्टुलावर चढल्या आणि वरून खाली पाहिलं.

पाहिलं आणि चौकटीला धरून उभ्या राहिल्या.

डाव्या हाताला खाली फाटक. तिथून वर जाणारी वाट, विहिरीला वळसा घालून झोपडीकडे गेलेली. मधे कपाशी. दोन्ही धुऱ्यांवर, बांधांच्या कडेनं, तूर. आणि वर, नाल्याच्या अंगाला, एका ओळीत संत्र्याची नऊ झाडं. फोनच्या एवढ्याशा काचेत ते कधी दिसलं नव्हतं. हा मोहगावचा, घरचा संत्र्यांचा बगीचा होता. वरची ओळ म्हणजे सासऱ्यांनी, रामाजींनी, स्वतःच्या हातानं लावलेली जुनी झाडं.

तो बगीचा सात वर्षांपूर्वी विकला होता. विकायला लावला होता तो उर्मिलाबाईंनीच. श्रावणात रवींद्रराव विहिरीच्या काठावरून घसरले, मांडीचं हाड मोडून चार तास चिखलात पडून राहिले. शेजारच्या मोतीरामभाऊंनी बैल शोधता शोधता त्यांना पाहिलं, म्हणून वाचले. दवाखान्यातून घरी आणलं त्या दिवशी उर्मिलाबाई म्हणाल्या होत्या, “एक तं तो बगीचा ठेवा, नाई तं मले ठेवा.” दोन महिन्यांत रजिस्ट्री झाली. परत येऊन ते गप्प बसले, तेव्हा त्यांचं ते गप्प बसणंही यांना सोसवलं नाही. “आता त्या बगीच्याचं नाव या घरात काढाचं नाई,” असं बजावून ठेवलं. भीतीनं म्हटलं होतं. माणूस भीतीनं काय वाटेल ते बोलतो, समोरच्यानं ते आठ दिवसांनी विसरायचं असतं. रवींद्ररावांनी ते सात वर्षं पाळलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी उर्मिलाबाई सौंसरच्या बसमधे बसल्या. वरची ओळ कशी वाळली, हे सांगणारं जगात कुणी असलं, तर ते मोतीरामभाऊ होते.

मोहगाव जवळ आलं तसा खिडकीतून वास यायला लागला. आंबिया बहाराची फुलं गळायला लागली होती. झाडांच्या बुडाशी पांढरा सडा आणि फांद्यांवर ज्वारीच्या दाण्याएवढी हिरवी फळं. मोतीरामभाऊ आपल्या बगीच्यातच भेटले. सत्तरी ओलांडलेला माणूस, पण कंबर ताठ. त्यांनी बाज ओढून दिली, माठातलं पाणी दिलं, मृग बहाराचा एक संत्रा सोलून पुढे ठेवला. “वहिनी, एकट्याच आल्या? फोन केला असता तं मीच आलो असतो.”

“भाऊजी, एक विचाराचं होतं. आमच्या बगीच्यातली वरची ओळ वाळली होती काय कधी?”

“वरची ओळ?” मोतीरामभाऊंनी कुंपणापलीकडे मान वळवली. तिथे सपाट जमीन होती. जागोजागी चुना लावलेले दगड रोवलेले. “वहिनी, घेणाऱ्यानं दुसऱ्याच वर्षी सारे झाडं उपटले. विहीर बुजवली. प्लॉट पाडले तेथी. रवीभाऊले माहीत होतं. तुम्हाले नाई सांगतलं?”

उर्मिलाबाईंनी मान हलवली. पिशवीतून फोन काढला, शेत उघडलं आणि त्यांच्या हातात दिलं. मोतीरामभाऊंनी चष्मा लावला. मग बोट काचेपासून जरा वर धरून, न टेकवता, वाटेवरून फिरवलं.

“हे फाटक,” ते म्हणाले. “हे विहीर. येथी मी त्याईले उचललं होतं.” बोट वर गेलं आणि थांबलं. आणि एकाएकी ते मोठ्यानं हसले. “म्हणजे हे होय!”

“काय?”

“रवीभाऊ रोज संध्याकाळी फोन करत ना मले. स्टेशनाकडे फिराले निघाले की. डिसेंबर लागला तसे म्हणे, ‘मोतीराम, वरच्या ओळीले ताण दिला.’ मी म्हटलं, गेलं! म्हाताऱ्याचं डोकं फिरलं. बगीचाच नाई तं ताण कोणाले देऊन राहिले? पण त्याईचं मन कायले मोडा? मी म्हणे, ‘हाव, द्या. यंदा थंडी चांगली आहे.’”

उर्मिलाबाईंना ताण माहीत नव्हता असं नाही. संत्र्याच्या घरात नांदलेली बाई. झाडाला बहार यायचा असेल तर आधी त्याचं पाणी तोडावं लागतं. महिना-दीड महिना कोरडं ठेवायचं. पानं मलूल होतात, पिवळी पडतात, गळतात. नवख्याला वाटतं झाड गेलं. मग बरोबर वेळेला पाणी सोडून ताण तोडायचा, की झाड फुलांनी लदबदून जातं. हे सगळं त्यांना ठाऊक होतं. फोनमधल्या झाडालाही कुणी ताण देईल, हे तेवढं सुचलं नव्हतं.

“त्या गेमात बहार येते काय वहिनी?” मोतीरामभाऊंनी विचारलं.

“कायचा बहार! त्या गेमात पाणी नाई टाकलं तं झाड वाळते. बस.”

“मंग हे त्याईले समजलं नाई?”

“आता संत्रेवाल्याले कोण समजावन?”

आणि दोघंही हसत सुटले. डिसेंबरानंतर उर्मिलाबाई पहिल्यांदाच असं हसल्या. हसता हसता पदर डोळ्यांना गेला आणि बराच वेळ तिथेच राहिला. मोतीरामभाऊ दुसरा संत्रा सोलत बसले.

थकून सोडली नव्हती तर त्यांनी ती झाडं. राखली होती. ‘राहू दे’ म्हणजे ‘राहू दे’च होतं.

“पाणी केव्हा सोडणार होते, म्हटलं काय?”

“संक्रांत झाली की. पहिलं पाणी हलकं, म्हणे.”

संक्रांत त्यांना दिसली नाही. उर्मिलाबाईंनी संत्र्याची फोड हातात घेतली, पण तोंडात घातली नाही. “भाऊजी, तुम्हाले रोज सांगत होते. मले काहून नाई सांगतलं?”

मोतीरामभाऊ सालीचे तुकडे गोळा करू लागले. “जाऊ द्या ना वहिनी.”

“नाई, सांगा.”

“मी विचारलं होतं एकदा. म्हटलं, घरी जाऊन वहिनीसंगं बोला ना हे. तं म्हणे, ‘तिनं म्हटलं आहे, बगीच्याचं नाव घरात नको. म्हणून घरात नाई बोलत मी. बाहेर निघालो की बोलतो.’”

कुंपणापलीकडे चुन्याचे दगड उन्हात पांढरे दिसत होते. उर्मिलाबाई त्यांच्याकडे पाहत राहिल्या. रोज संध्याकाळी चप्पल घालून स्टेशनाकडे निघणारा माणूस त्यांना दिसला. पायाला चांगलं म्हणून जातो, असं त्या समजत होत्या. उलट पाऊण तासाच्या वर गेला तर ओरडत होत्या.

उठताना त्यांनी विचारलं, “आता पाणी दिलं तं चालन काय? फेब्रुवारी सरला.”

“लय झाला ताण,” मोतीरामभाऊ अगदी खऱ्या झाडाचं विचारल्यासारखे म्हणाले. “नखानं साल खरवडून पाहा लागते. आत हिरवं निघालं तं झाड जित्तं आहे. वाट पाहून राहिलं समजा.”

“फोनात साल कशी खरवडू?”

“ते मले नाई समजत. पण तुम्ही द्या पाणी. हलकं द्या पहिलं. मंग बारा-पंधरा दिवस थांबा. घाई नका करू.”

दुसऱ्या दिवशी साडेतीनला फोन वाजला तेव्हा उर्मिलाबाई पाट घेऊन तयार बसल्या होत्या. झारीच्या चित्रावर बोट ठेवलं, ते पहिल्या झाडावर नेलं. एक थेंब पडला. ‘पेड़ को और पानी चाहिए,’ गेम म्हणाला. “माहीत आहे,” त्या म्हणाल्या, आणि दुसऱ्या झाडाकडे वळल्या. नऊ झाडांना एकेकच थेंब दिला. झाडं तपकिरीच राहिली. लगेच हिरवी झाली असती तर उलट त्यांना ते खोटं वाटलं असतं.

मग त्यांनी वरच्या ओळीचे नऊ चौकोन उसवायला घेतले. उसवलेली लोकर कुरळी होते; ती खुर्चीच्या पाठीला गुंडाळून, ओली करून वाळवावी लागते. खिडकीजवळची ती खुर्ची गेल्या अडीच महिन्यांत कुणी हलवली नव्हती. तिच्याच पाठीला उर्मिलाबाईंनी लोकर गुंडाळून टाकली. लोकर सरळ झाल्यावर नव्यानं मांडणी केली. मधलं कडं आणि पहिली फेरी पोपटी. बाकी सगळं तपकिरी. हात सैल ठेवला.

चंद्रकलाबाई म्हणाल्या, “वाळल्या झाडाच्या पोटात हे हिरवं कुठून आणलं व?”

“नखानं खरवडलं,” उर्मिलाबाई म्हणाल्या. आणि चंद्रकलाबाईंचा चेहरा पाहून सुई खाली ठेवली. “बसा. आमचा बगीचा होता ना मोहगावले...”

घरात ते नाव सात वर्षांनी निघालं. सांगणारी बाई आणि ऐकणारी बाई, दोघी दोन कप चहा प्यायल्या. चंद्रकलाबाई चांगल्या ऐकणाऱ्या होत्या, मधे मधे ‘हाव काय?’ म्हणत होत्या. पण त्या गेल्यावर उर्मिलाबाईंच्या लक्षात आलं, की सांगता सांगता आपण चार वेळा अडलो. झोपडीच्या मागे कशाचं झाड होतं? नाल्याला पाणी कुठवर राहायचं? आपण बगीच्यात जाणार वर्षातून दोनदा, डबा घेऊन, आणि सावलीत बसून येणार. बगीचा ज्याला पाठ होता त्याला बोलू दिला नाही, आणि आता बोलायला परवानगी दिली ती चंद्रकलाबाईंपुढे, स्वतःलाच.

पंधरा मार्चला दुसरं पाणी दिलं. दोन-दोन थेंब. चादर जोडून होत आली होती. वृषालीचा फोन आला, तिनं व्हिडिओवर चादर पाहिली आणि एकदम म्हणाली, “आई, हे मोहगाव आहे ना?”

“तुले कसं समजलं?”

“ती विहीर. बाबा मला तिच्या काठावर बसू देत नव्हते.” मग ती रडली. मग विचारलं, “मला देशील?”

“देईन. पण आत्ता नाई.”

एकतीस मार्चला ऊन चाळिशीच्या घरात होतं. पंखा फुल ठेवून उर्मिलाबाई लोकरीची चादर मांडीवर घेऊन बसल्या होत्या. घाम निथळत होता. साडेतीनला फोन वाजला आणि त्यांनी शेत उघडलं. आज त्यांनी काहीही राखून ठेवलं नाही. गहू कापला, कपाशी वेचली, तुरीच्या शेंगा काढल्या. एकेका चौकोनावर बोट टेकवलं की एकेक गठ्ठा उडी मारून झोपडीकडे जायचा. सगळं रान मोकळं झालं. शेवटी पावणेपाचला वरच्या ओळीला तिसरं पाणी दिलं. या खेपेला सढळ हातानं. पहिलं झाड, दुसरं, असं करत नवव्यापर्यंत गेल्या आणि बोट उचलून घेतलं. नऊ तपकिरी झाडं आणि प्रत्येकाच्या बुडाशी ओली माती.

पाच वाजून एक-दोन मिनिटं शेत तसंच होतं. त्यांना वाटलं, विसरले वाटतं बंद करायला. मग काचेवर एक चक्र फिरायला लागलं, फिरत राहिलं, आणि पडदा पांढरा झाला.

त्यांनी फोन बाजूला ठेवला. थोड्या वेळानं पुन्हा घेतला आणि त्याच फोनवरून मोतीरामभाऊंना लावला.

पलीकडे दोन घंट्या झाल्या. मग मोतीरामभाऊ म्हणाले, “रवी...” आणि गप्प झाले. पडद्यावर नाव रवींद्ररावांचंच आलं असणार.

“मी होय भाऊजी. उर्मिला. बंद झालं.”

“हाव?” त्यांनी घसा साफ केला. “तिसरं पाणी दिलं होतं?”

“दिलं.”

“फुटवा दिसला काय?”

“नाई.”

“इतक्यात नाई दिसत वहिनी. आठ-दहा दिवस तं लागतेच.”

“हाव ना. म्हणूनच म्हटलं.”

पलीकडून मोटारपंपाचा आवाज येत होता. फोन ठेवायची वेळ झाली होती, पण उर्मिलाबाईंनी तो दुसऱ्या कानाला लावला.

“भाऊजी, कामात नसान तं एक सांगा. त्या वरच्या ओळीत सगळ्यात आधी कोणतं झाड फुलत होतं?”

“फाटकाच्या बाजूनं दुसरं,” मोतीरामभाऊ क्षणाचाही विचार न करता म्हणाले. “दरसाल. बाकीचे पाहून घेत, हे फुललं काय, मंगच फुलत.”

उर्मिलाबाईंनी चादर गुडघ्यावर ओढली, डाव्या कडेकडून दोन मोजले आणि तिथे बोट ठेवलं.

“अन मंग?”

“मंग पाचवं,” मोतीरामभाऊ म्हणाले. “थांबा, पंप बंद करून येतो. मंग सांगतो.”

त्या थांबल्या.